मिरीचा भाव आधी कोणाला कळायचा? (१५८३ चा गोवा)

मिरवेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढतेय.

आमच्याकडे सावंतवाडीच्या बाजूला पोफळींवर मिरवेली चढवलेल्या आहेत. घड उतरवायचे, मळून दाणे सुटे करायचे, खळ्यात चटया टाकून वाळत घालायचे, चार-पाच दिवसांत हिरवे दाणे काळे ठिक्कर पडून सुरकुततात आणि सगळ्या घराला तो वास लागतो. मी लहान असताना घरी फोन नव्हता. तालुक्याच्या गावाहून एक व्यापारी यायचा, दाणा दाताखाली फोडायचा, मूठभर तळहातावर घेऊन जोखायचा आणि म्हणायचा, "भाव पडलाय काका, कोचीनला उठाव नाही." बाबा देऊन टाकायचे. मग माझा मामा कोचीनला नोकरीला लागला आणि त्याच्या पहिल्याच पत्रात त्याने सहज लिहिलं की यंदा मिरी चढी आहे, तुमचं बरं झालं असेल. पत्र पोचलं तेव्हा माल जाऊन तीन आठवडे झाले होते. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या रात्री ते कोणाशी बोलले नाहीत.

त्यांचा तो चेहरा माझ्या मनातून गेलेला नाही, त्यामुळे मसाल्याच्या व्यापाराबद्दल वाचायला लागले तेव्हा जहाजं आणि तोफांपेक्षा मला एकच प्रश्न पडत गेला, की बातमी कोणाकडे होती? आणि त्याचं उत्तर शोधताना मी अडकले ते १५८३ सालात.

त्या वर्षाच्या सुरुवातीला लंडनहून काही इंग्रज निघाले. जॉन न्यूबेरी हा व्यापारी, राल्फ फिच, विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. सोबत राणी एलिझाबेथची दोन पत्रं, एक अकबराला आणि एक चीनच्या बादशहाला. रस्ता जुनाच, म्हणजे सीरियातलं त्रिपोली, तिथून अलेप्पो, बगदाद, बसरा आणि मग होर्मुझ, इराणच्या आखाताच्या तोंडावरचं पोर्तुगीजांच्या ताब्यातलं बंदर. न्यूबेरी त्याआधी एकदा होर्मुझला येऊन गेलेला, थोडी अरबी येत होती, त्यामुळे आपण सहज खपून जाऊ असं त्याला वाटलं असावं. तिथे मायकेल स्ट्रोपेन नावाचा एक इटालियन व्यापारी आधीपासून बसलेला होता. अलेप्पो ते होर्मुझ हा इटालियन लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा पट्टा आणि त्यात नवा गिऱ्हाईक घुसला म्हणजे भाव बिघडणार. त्याने पोर्तुगीज कॅप्टनच्या कानावर घातलं की हे व्यापारी वगैरे कोणी नाहीत, हे दों आंतोनियोचे हेर आहेत. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिपकडे गेली होती आणि दों आंतोनियो हा त्या गादीवर हक्क सांगणारा, त्याला इंग्लंडचा आसरा, म्हणजे आरोप अगदी नेमक्या जागी बसणारा. चौघेही आत. आरोपांत आणखी एक मजकूर होता, की तुमच्या ड्रेक या दर्यावर्दीने मोलुक्का बेटांजवळ आमच्या जहाजावर तोफ डागली. विचार करा, लवंगांच्या बेटांजवळचा प्रसंग इराणच्या आखातातल्या कोठडीत चार माणसांच्या अंगाशी येतोय.

तिथून त्यांना गोव्याला पाठवलं, २९ नोव्हेंबर १५८३ ला पोचले ते थेट तुरुंगात. आणि तिथे त्यांना सोडवायला कोण धावलं? दोन जेझुइट, म्हणजे त्या ख्रिस्ती संघाचे पाद्री. एक फ्लँडर्समधल्या ब्रुजचा पाद्रे मार्को आणि दुसरा विल्टशायरचा इंग्रज, थॉमस स्टीफन्स. हो, आपला तोच फादर स्टीफन्स, मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारा! न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये गोव्याहून जे पत्र लिहिलं त्यात या दोघांची नावं आहेत.

आणि त्याच हिवाळ्यात त्याच गावात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून एक विशीतला डच पोरगा काम करत होता, यान हुइगेन फान लिन्शोटेन. सप्टेंबर १५८३ मध्येच आलेला. त्याने या इंग्रजांची सगळी हकीकत लिहून ठेवली आहे. शिवाय गोव्याच्या सरळ रस्त्यावर, रुआ दिरेतावर, रोज सकाळी भरणारा लेलांव त्याने डोळ्यांपुढे उभा केलाय, अरबी घोडे, मसाले, कापड, गुलाम माणसं, आणि गळ्यात-हातात विकायचे दागिने अडकवून ओरडत फिरणारे पुकारे करणारे. आपला "लिलाव" हा शब्द या लेलांववरूनच आलाय. तेरा वर्षांनी, १५९६ मध्ये, त्याचं पुस्तक हॉलंडमध्ये छापून आलं आणि त्यात पोर्तुगीजांचे समुद्रमार्ग, वारे, बंदरं, माल, सगळं उघडं.

म्हणजे एकाच गावात, एकाच मोसमात, इंग्रज कैदी, इंग्रज पाद्री, फ्लेमिश पाद्री, डच कारकून. पोर्तुगीजांनी समुद्राला कुलूप घातलं होतं आणि किल्ल्या गोव्यातच पडल्या होत्या असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि याच्यातले इतर धागे कोणाला माहीत असतील तर जरूर जोडा.

गोमंत_वाचक

खूप आवडलं ताई. स्टीफन्सबद्दल एक भर घालतो. तो गोव्यात उतरला २४ ऑक्टोबर १५७९ ला आणि १० नोव्हेंबरला त्याने वडलांना लांबलचक पत्र लिहिलं. लिस्बनहून निघाल्यापासून वारे कसे बदलतात, आफ्रिकेला वळसा घालताना काय होतं, जमीन जवळ आल्याच्या खुणा कोणत्या, असं सगळं. पाद्री माणूस, व्यापाराशी काही संबंध नाही, बापाला खुशाली कळवतोय. पण ते पत्र लंडनमध्ये हातोहात फिरलं आणि पुढे हॅक्लुटने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलंसुद्धा. घरच्या पत्रातून नकळत काय काय जातं बघा. आम्ही शाळेत त्याचं मराठीचं कौतुक पाठ केलं होतं, तोच माणूस इंग्रज व्यापाऱ्यांना तुरुंगातून सोडवत होता हे आज कळलं.

भटकी_वाट

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

सांगलीकर_७२

मिरवेलताई, तुमच्या बाबांचं वाचून पोटात कालवलं. बाजारात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

आमचे आजोबा बैलबाजारात दलाल होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, त्यांच्याबरोबर जायचो. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहायचे, दोघांचे उजवे हात एकमेकांत, वरून उपरणं टाकलेलं. तोंडाने गप्पा चालल्यात पावसाच्या, पोराच्या लग्नाच्या, आणि खाली बोटं दाबून हजार, शेकडे चाललेत. भोवती पन्नास माणसं उभी, एकालाही आकडा कळायचा नाही. मी एकदा हट्ट केला म्हणून आजोबांनी उपरण्याखाली माझा हात धरून शिकवलं, अख्खं बोट धरलं तर काय, अर्ध्या पेरापर्यंत धरलं तर काय. त्यांची बोटं खरखरीत होती, ती पकड अजून आठवते.

सांगायचं कारण असं की वर्थेमा नावाचा बोलोन्याचा एक प्रवासी १५०५ च्या आसपास कालिकतला होता, त्याचं पुस्तक १५१० मध्ये छापलं गेलं, त्यात त्याने हुबेहूब हेच लिहिलंय! कालिकतचे व्यापारी घाऊक माल विकताना मध्ये दलाल असतो, कापडाखाली हात घालून बोटांची पेरं दाबून सौदा होतो, तोंडातून शब्द निघत नाही. आता बघा, कालिकतला मलबारी, गुजराती, अरब, तामिळ, तुर्क सगळे येणार, प्रत्येकाची भाषा वेगळी, पण बोटं तर सगळ्यांना पाच. भाषेची अडचणही गेली आणि भावही झाकला गेला. धर्म वेगळे, जात वेगळी, देश वेगळा, तरी एकमेकांशी धंदा कसा करत होते याचं निम्मं उत्तर मला त्या कापडाखाली दिसतं. दलाल हा दोन्ही बाजूंचा माणूस, दोघांचा आकडा फक्त त्यालाच ठाऊक. त्याने एकदा जरी आकडा बाहेर फोडला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी हात देणार नाही. आजोबा हेच सांगायचे.

गलबत

धागा उत्तम आहे पण एका मुद्द्यावर असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो.

लिन्शोटेनने गुपित फोडलं आणि डच आले, ही गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते. त्याचं महत्त्व नाकारत नाही, डचांची पहिली मोहीम १५९५ मध्ये निघाली तेव्हा त्याच्या लिखाणाचा मार्गदर्शक भाग त्यांच्या हातात होता आणि मलाक्काची सामुद्रधुनी टाळून सुंदा सामुद्रधुनीतून जा हा त्याचा सल्लाही त्यांनी पाळला, बांतेनला पोचले. पण त्याच मोहिमेचा कॉर्नेलिस द हाउटमन त्याआधी लिस्बनला जाऊन राहून माहिती गोळा करून आला होता. आणि प्लांशियस नावाच्या आम्स्टरडॅमच्या नकाशाकाराने बार्तोलोमेउ लासो या पोर्तुगीज नकाशाकाराचे नकाशे १५९२ च्या सुमारासच मिळवले होते. म्हणजे भांड्याला एकच भोक नव्हतं, चाळणीच होती ती.

दुसरं, गुपित कोणापासून? १५०१ च्या उन्हाळ्यात काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्यातलं पहिलं जहाज कालिकत-कोचीनहून परत लिस्बनला पोचलं, २७ जूनला एका व्हेनिसवाल्याने लिस्बनहून पत्र टाकलं आणि जुलैत ती बातमी रियाल्टोवर, म्हणजे व्हेनिसच्या बाजारात. जिरोलामो प्रिउली हा तिथला व्यापारी-सावकार आपल्या रोजनिशीत लिहितो की स्वातंत्र्य गमावण्याखालोखाल याहून वाईट बातमी व्हेनिसला मिळू शकत नाही. त्याचा हिशोब बरोबर होता. मिरी कालिकतहून निघून तांबडा समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया करत व्हेनिसला येईपर्यंत ठिकठिकाणी जकात, बक्षिशी, भाडं चढत जातं आणि पोर्तुगीज तर सरळ समुद्रातून आणणार. तरीही त्याचं भाकीत तसं खरं ठरलं नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या समुद्राचा मिरीचा व्यापार पुन्हा भरात आला, सुमात्रातल्या आचेहून गुजराती आणि आचेची जहाजं थेट तिकडे माल नेत होती. कारण पोर्तुगीजांकडे तोफा होत्या, कार्ताझ नावाचे परवाने होते, पण कुठल्या खाडीत कुठल्या रात्री कोणाचं जहाज भरतंय ही बातमी त्यांच्याकडे नव्हती, आणि असली तरी ती दाबण्यात त्यांच्याच अधिकाऱ्यांचा खाजगी फायदा असायचा. मला तरी खरी गंमत इथे वाटते, की ज्यांची गुपितं फुटली म्हणून आपण चर्चा करतोय ते स्वतःच या समुद्रात बरेचसे आंधळे होते.

मिरवेल

गलबतदादा, मान्य. "किल्ल्या गोव्यातच" हे मी जरा जास्तच ठासून लिहिलं. चाळणी हा शब्द बरोबर आहे.

पण तुमच्याच मुद्द्याला जोडून सांगते. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज सप्टेंबरात गोव्याला, परतीचं डिसेंबर-जानेवारीत निघणार, म्हणजे राजाने प्रश्न विचारला तर उत्तर हातात पडायला दीड वर्ष. खुद्द राज्यकारभाराला ही गत, मग ज्याला होर्मुझ-बसरा-अलेप्पो या खुष्कीच्या वाटेने पत्र मिळत होतं तो किती पुढे असेल? असा एक माणूस गोव्यात होताही. फेर्दिनांद क्रोन, आउग्सबुर्गचा जर्मन, फुगर आणि वेल्सर या पेढ्यांचा मिरीचा गुमास्ता म्हणून १५८७ मध्ये आला आणि इथेच स्थिरावला, लग्न केलं, वजनदार झाला. युरोपच्या बातम्या त्याच्याकडे खुष्कीने आधी यायच्या म्हणून मोठमोठे लोक त्याच्याकडे विचारायला जायचे. आणि शेवटी त्याच गोष्टीने त्याचा घात झाला, डचांना बातम्या पुरवतो असा संशय येऊन १६२० च्या दशकात त्याला लिस्बनला धाडलं. ज्या कानांमुळे माणसाला किंमत, त्याच कानांमुळे त्याच्यावर संशय. स्ट्रोपेनने न्यूबेरीवर टाकलेला आरोप आठवतो की नाही?

सुरतेची_लेक

या धाग्यावर वीरजी व्होराचं नाव अजून कसं आलं नाही!

माझं माहेर सुरत, सासर पुणे, त्यामुळे शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या स्वारीबद्दल दोन्हीकडून ऐकत मोठी झाले. जानेवारी १६६४ मध्ये ज्यांच्या हवेल्या फोडल्या गेल्या त्यात वीरजी व्होराचं घर होतं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण तो माणूस कोण होता ते बघा. जैन व्यापारी, इंग्रजांच्या कागदांत १६१९ पासून त्याचं नाव दिसतं ते पन्नासेक वर्षं. आग्रा, बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, गोवळकोंडा, मलबार अशा सगळीकडे त्याचे गुमास्ते. इंग्रज कंपनी त्याच्याकडून कर्ज काढायची, आणि ज्याच्याकडून कर्ज काढलंय त्याच्याशीच मिरीच्या भावावरून घासाघीस करायची वेळ यायची.

१६२५ चा प्रसंग मला फार बोलका वाटतो. वीरजीने मिरीचा मोठा साठा हाताखाली घेतला होता आणि सांगितलेल्या भावाखाली येईना. इंग्रजांनी विचार केला, जाऊ दे, आपण दख्खनमध्ये जाऊन परस्पर घेऊ. माणूस पाठवला. तो पोचतोय तर वीरजीचा गुमास्ता तिथे हजर, आणि इंग्रजांपेक्षा चढा भाव देऊन माल उचलतोय! सुरतेतल्या वखारीत झालेला विचार इंग्रजांचा माणूस दख्खनमध्ये पोचेपर्यंत तिथे कसा गेला? वखारीत दलाल स्थानिक, दुभाषे स्थानिक, नोकर स्थानिक, आणि वीरजीचा कासीद, म्हणजे निरोप्या, त्यांच्या घोड्यापेक्षा जलद. मिरवेलताई, तुमच्या बाबांच्या खळ्यात जे झालं त्याच्या बरोबर उलट, इथे परका व्यापारी बेसावध आणि बाजारातला माणूस सावध.

कोकणचो_झील

सुरतेच्या ताईंना प्रश्न, दख्खनमध्ये म्हणजे नक्की कुठे मिरी? आमच्या राजापूर-दाभोळचा काही संबंध?

सुरतेची_लेक

आहे की. मिरी मुख्यतः कानडा आणि घाटाखालच्या पट्ट्यातली, आणि आदिलशाहीत ती बाहेर पडायची दारं म्हणजे तुमची बंदरं. दाभोळ तर त्याआधीपासून एवढं मोठं की त्याची जहाजं तांबडा समुद्र-होर्मुझपर्यंत जायची, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने १५०८ च्या अखेरीस ते जाळलं. राजापूरला इंग्रजांनी वखार काढली ती मिरी आणि वेलदोडे थेट घाटाजवळ मिळावेत म्हणूनच, म्हणजे परत तोच हेतू, सुरतेच्या दलालांना वळसा घालायचा. पुढे १६६० मध्ये त्याच वखारीतले लोक सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागायला गेले आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरावर येऊन त्यांना कैद केलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ते मुळात तिथे का बसले होते ते कोणी सांगत नाही.

नाखवा

पूर्वेकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, मर्चंट नेव्हीत असताना मलाक्काला बऱ्याच वेळा गेलोय.

१५०९ मध्ये पोर्तुगीज तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा गडबड होऊन त्यांची काही माणसं मागे कैदेत राहिली. त्यातल्या रुय द आराउजोने ६ फेब्रुवारी १५१० ला कैदेतून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला पत्र लिहिलं, शहरात किती माणसं, किती तोफा, कोण व्यापारी कोणाच्या बाजूने, सगळं त्यात. कैद्याचं पत्र बाहेर कसं गेलं? नीना चाटू म्हणून एक तामिळ हिंदू व्यापारी होता, त्याने कैद्यांना खाऊपिऊ घातलं आणि पत्र पोचवलं. १५११ मध्ये मलाक्का पडलं आणि अल्बुकर्कने त्याला बेंदाहारा केलं, म्हणजे हिंदू लोकांचा प्रमुख. पुढे पोर्तुगीजांची जहाजं ब्रह्मदेशातल्या पेगूला गेली ती त्याच्या भागीदारीत. पण १५१४ मध्ये त्याच्याकडून ते पद काढून दुसऱ्याला द्यायचं ठरलं तेव्हा त्याने स्वतःला जाळून घेतलं. मी हे वाचलं त्या रात्री मलाक्काच्या नदीकाठी बराच वेळ बसलो होतो. ज्याने पोचवलेल्या एका पत्रावर शहर जिंकलं त्याला तीन वर्षांत बाजूला केलं.

आणि त्याच मलाक्कातून एक नकाशा मिळाला होता. १ एप्रिल १५१२ च्या पत्रात अल्बुकर्क पोर्तुगालच्या राजाला लिहितो की एका जावानीज नाखव्याचा मोठा नकाशा हाती लागला, त्यात केप ऑफ गुड होप, पोर्तुगाल, ब्राझील, तांबडा समुद्र, इराणचं आखात, लवंगांची बेटं, चिनी लोकांचे मार्ग, सगळं आहे, आणि नावं जावानीज अक्षरांत. म्हणजे पोर्तुगीज ब्राझीलला पोचून बारा वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि ते एका जावानीज माणसाच्या नकाशावर होतं! कोणी सांगितलं त्याला? कुठल्या बंदरावर, कुठल्या भाषेत? तो नकाशा फ्लोर द ला मार जहाजाबरोबर सुमात्राजवळ बुडाला, फ्रांसिस्को रोद्रिगेशने त्याच्या एका तुकड्याची नक्कल करून ठेवली होती म्हणून तेवढी राजाकडे पोचली. जहाजात सोनं होतं म्हणून लोक अजून त्याचा शोध घेतात. मला विचाराल तर त्या सगळ्या सोन्यापेक्षा तो कागद हवा होता.

सांगलीकर_७२

नाखवासाहेब, अंगावर काटा आला. ब्राझीलचं तर अजिबात माहीत नव्हतं.

भटकी_वाट

मिरवेल, त्या चार इंग्रजांचं पुढे काय झालं ते राहिलं की गं. सुटले का?

मिरवेल

हो गं, सांगते. प्रतिसादांत इतकी रमले की तेच राहिलं.

जेम्स स्टोरीला जेझुइटांनी चर्चमध्ये चित्रं काढायला ठेवून घेतलं, नंतर त्याने तेही सोडलं, गोव्यातच दुकान टाकलं, लग्न केलं आणि तिथलाच झाला. बाकी तिघे जामिनावर बाहेर होते, व्यापारही सुरू केला होता, पण आपल्याला पोर्तुगालला पाठवणार अशी कुणकुण लागली आणि एप्रिल १५८४ मध्ये सहलीला जातो असं दाखवून नदी ओलांडून आदिलशाही मुलखात पळाले. फिचने लिहिलंय की दोन दिवस पायी चाललो, रस्ता माहीत नाही, वाटाड्या नाही, कारण कोणावर विश्वास टाकायची हिंमत नव्हती. मला हे वाक्य फार लागलं. त्याच वाटांवरून गोव्याचे दलाल, बैलांचे तांडे, कासीद रोज ये-जा करत असणार, त्यांना झाड न् झाड ठाऊक, आणि हे तिघे राणीची पत्रं बाळगून अंदाजाने चाललेत. पहिलं मोठं गाव लागलं ते बेळगाव, तिथे हिऱ्या-माणकांचा बाजार, मग विजापूर, गोवळकोंडा आणि शेवटी फत्तेपूर सिक्री. लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. न्यूबेरी खुष्कीने परत निघाला तो घरी पोचलाच नाही.

फिच एकटा पुढे बंगाल, पेगू, मलाक्का करत आठ वर्षांनी, एप्रिल १५९१ मध्ये लंडनला परतला. तोवर तो मेला असं धरून घरच्यांनी त्याची मालमत्ता वाटूनही घेतली होती. पुढे ईस्ट इंडिया कंपनी झाली, आणि १६०६ च्या अखेरीस खंबायत वगैरेच्या राजांना पत्रं पाठवायची होती तेव्हा कोणाला काय मायना लिहायचा, कोणाची पदवी काय, हे कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. कामकाजाच्या वहीत नोंद आहे, राल्फ फिचला विचारून घ्या.